टी-शर्टचा फ्रॉक शिवताना मशीन टाके सोडते तेव्हा : काय तपासावे आणि कोणत्या क्रमाने

जुन्या मोठ्या टी-शर्टमधून लहान मुलीचा फ्रॉक शिवायला घेतला, की पहिली तक्रार जवळजवळ नेहमी एकच असते : मशीन बिघडले, टाके सोडते आहे. इंदुरात रामबागेत माझे शिवणकाम गेली बावीस वर्षे घरूनच चालते, आणि ओळखीच्या घरांतून याच तक्रारीसाठी मला इतक्या वेळा बोलावणे आले आहे की आता मी पिशवीत दोन सुया, एक ब्रश आणि टी-शर्टच्या काही पट्ट्या घेऊनच निघते. दहांतल्या आठ-नऊ वेळा मशीन ठणठणीत असते. आदल्या दिवशी त्याच मशीनवर ब्लाउज निर्वेध शिवून झालेला असतो. म्हणून मिस्तरीला फोन करण्याआधी पुढील तपासणी करावी. तिचा क्रम असा ठेवला आहे की आधी ज्याला काहीच खर्च नाही ते, मग दहा-वीस रुपयांचे, आणि स्क्रूला हात लावण्याचे काम सर्वांत शेवटी.

लक्षणे

टाके सुटणे हे सर्वांत जास्त दिसणारे लक्षण. चार टाके नीट पडतात आणि मग एकदम एक लांबलचक टाका दिसतो. त्या जागी वरचा दोरा कापडावर नुसता पडलेला असतो, खालच्या दोऱ्याने त्याला धरलेले नसते, आणि एक टोक ओढले की शिवण सळसळत निघून येते.

शिवण लहरणे हे त्याच्या खालोखाल. टाके सगळे जागेवर असतात, परंतु शिवलेली कड मूळ कापडापेक्षा लांब होते आणि फ्रॉकचा घेर तळलेल्या पापडाच्या कडेसारखा वरखाली राहतो. इस्त्रीने तो थोडा बसतो, पण धुतल्यावर पुन्हा उठतो.

तिसरे लक्षण शिवताना दिसतच नाही. फ्रॉक छान तयार होतो, मुलीच्या डोक्यावरून ओढताना गळ्याशी ‘टच्’ असा आवाज येतो आणि दोरा तुटतो. चौथे त्याहून उशिरा कळते : दोन-तीन धुण्यांनंतर शिवणीला लागून बारीक भोकांची रांग दिसू लागते. याखेरीज शिवण सुरू करतानाच मशीन कापड खाली गिळते, किंवा फ्रॉक अंगात फिरून बाजूची शिवण पोटावर येते, याही तक्रारी असतात.

आपल्याकडे यांपैकी नेमके कोणते लक्षण आहे हे आधी निश्चित करावे. टाके सुटण्यावरचा एक उपाय आणि लहरण्यावरचा उपाय एकमेकांच्या अगदी उलट आहेत. लक्षण न ओळखता स्क्रू फिरवला तर एक दोष जातो आणि दुसरा येतो, आणि मग माणूस दिवसभर त्या दोहोंच्या मध्ये हेलपाटे घालत बसतो.

मुळात कापड वेगळे आहे

मराठीत आपण साडीही विणतो आणि स्वेटरही विणतो, त्यामुळे दोन्ही कापडांची जात एकच आहे असे वाटते. माझे सासरे हुकुमचंद मिलमध्ये मागावर होते. १९९१ मध्ये ती मिल बंद पडली, पण घरात कापडाची पारख मागाच्याच कापडाची राहिली, आणि बनियनचे कापड त्यांच्या लेखी कापडच नव्हते. त्यांचे म्हणणे एका अर्थी बरोबर होते. मागावरच्या कापडात उभे आणि आडवे दोरे एकमेकांना ओलांडून घट्ट बसतात. टी-शर्टचे कापड, ज्याला बाजारात होजियरी म्हणतात, ते स्वेटरसारखे एकमेकांत अडकवलेल्या फासांचे असते. ओढले की फास आडवे पसरतात आणि सोडले की परत येतात. साध्या शिवणीचा दोरा मात्र ताणत नाही. ताणणाऱ्या कापडावर न ताणणारी शिवण घालायची आहे, हे एकदा ध्यानात आले की पुढची प्रत्येक तपासणी कशासाठी आहे ते कळते.

टाके सुटण्यामागचे कारणही येथेच आहे. सुई तळाशी जाऊन साधारण दोन मिलिमीटर वर येते, तेव्हा दोरा कापडात अडल्यामुळे तिच्या पाठीमागे एक लहानसा फास फुगतो, आणि नेमक्या त्याच क्षणी शटलचे, म्हणजे सुईखाली फिरणाऱ्या, खालचा दोरा सांभाळणाऱ्या भागाचे, टोक तेथून जाऊन तो फास उचलते. बनियनचे कापड सुईला चिकटून तिच्याबरोबर वर येते. कापडच वर आले तर दोरा अडत नाही, फास फुगत नाही, आणि शटलचे टोक रिकामेच निघून जाते. मशीनने आपले काम चोख केलेले असते. त्याच्या हाती दोराच आलेला नसतो.

पहिली तपासणी : टी-शर्ट स्वतः

याला पैसा लागत नाही, आणि तरीही हीच तपासणी सर्वजण गाळतात. टी-शर्ट खिडकीसमोर उजेडात धरावा. काखेजवळ, खांद्यावर आणि पोटाच्या जागी कापड विरळ झालेले असते; तेथे कोणतीही शिवण टिकणार नाही. पाठीचा भाग सहसा सर्वांत चांगला निघतो. मग मधल्या भागात पेनाने १० सेंटिमीटरची आडवी खूण करून ती १३ सेंटिमीटरपर्यंत ओढावी आणि सोडावी. ती परत १० वर, फार तर साडेदहावर आली पाहिजे. ११ वरच थांबली, तर कापडातला जीव गेला आहे असे समजावे. त्याचा फ्रॉक कितीही काळजीने शिवला तरी गळा आणि घेर लोंबणारच. अशा कापडाची फरशी पुसायची फडकी उत्तम होतात.

छापील चित्र असलेला भाग शिवणीत येऊ देऊ नये. रबरासारखा जाड छाप सुईला चिकटतो, गरम इस्त्रीला तर हमखास चिकटतो, आणि चित्रावरून जाणारी शिवण टाके सोडते ती कोणत्याही सुईने सुधारत नाही. चित्र हवेच असेल तर ते छातीच्या मधोमध बसेल असे कापावे. खेळाचे चकचकीत पॉलिएस्टरचे टी-शर्ट नवशिक्यांनी पहिल्या प्रयत्नाला घेऊच नयेत. साध्या सुती टी-शर्टवर हात बसल्यावर ते घ्यावेत.

फ्रॉक अंगात फिरण्याच्या तक्रारीचा उलगडाही येथेच होतो. गोल यंत्रावर विणलेले कापड धुण्यात पीळ खाते, आणि वर्षभर वापरलेल्या टी-शर्टची बाजूची शिवण पुष्कळदा पुढे सरकलेली दिसते. त्या शिवणीला सरळ रेषा मानून कापले की तो पीळ फ्रॉकमध्ये उतरतो. कापडाच्या सुलट बाजूला नीट पाहिल्यास फासांच्या बारीक उभ्या ओळी दिसतात. कागदी कापाचा मध्य त्या ओळीवर ठेवावा, मग टी-शर्टची जुनी शिवण तिरकी का दिसेना. कापण्याआधी टी-शर्ट कंफर्टसारखे द्रव न घालता एकदा धुऊन वाळवावा. जुन्या टी-शर्टची एक मोठी सोय अशी की त्याचे आटणे आधीच होऊन गेलेले असते.

दुसरी तपासणी : सुई

माझ्या अनुभवात टाके सुटण्याच्या निम्म्याहून अधिक तक्रारी येथेच संपतात. घरच्या मशीनला बहुधा १६ किंवा १४ नंबरची टोकदार सुई लावलेली असते, कारण त्या मशीनवर परकर, ब्लाउज, उशांचे अभ्रे शिवले जातात. मागाच्या कापडात टोकदार सुई दोन दोऱ्यांच्या मधून जाते किंवा दोऱ्याला किंचित भेदून जाते, आणि त्याने फारसे बिघडत नाही. होजियरीत मात्र तिने एखादा फास कापला की त्याच्या शेजारचे फासही हळूहळू सुटत जातात. धुण्यांनंतर दिसणारी भोकांची रांग ती हीच.

यासाठी बॉल पॉइंट सुई घ्यावी. तिचे टोक किंचित गोलसर असल्याने ती फासाला भेदण्याऐवजी बाजूला सारून आत शिरते. नेहमीच्या टी-शर्टसाठी, म्हणजे साधारण १६० ते १८० जीएसएमच्या (एका चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाच्या) कापडासाठी, ११ नंबर पुरतो; पाकिटावर ७५/११ असे लिहिलेले असते, आणि त्यातला ७५ म्हणजे सुईची जाडी ०.७५ मिलिमीटर. हिवाळ्याच्या जाड टी-शर्टला १४ लागेल. कापडात लायक्रा, म्हणजे रबरासारखा ताणणारा धागा, असेल आणि बॉल पॉइंटनेही टाके सुटत असतील, तर ‘स्ट्रेच’ लिहिलेली सुई मागावी. तिच्या पाठीची खाच अधिक खोल असते, त्यामुळे शटलच्या टोकाला फास पकडायला जास्त जागा मिळते. राजवाड्याच्या आसपास शिवणसामानाच्या दुकानांत दोन्ही सुया मिळतात, आणि सुट्या घेतल्या तर एकीची किंमत एका पोह्याच्या प्लेटीच्या आगेमागे पडते. दुकानात जाताना आपली जुनी सुई बरोबर न्यावी. घरच्या मशीनच्या सुईचे बूड एका बाजूने चपटे असते, कारखान्याच्या मशीनचे गोल. नुसता नंबर सांगितला की हमखास चुकीची पुडी हाती येते.

सुई नवी आहे एवढ्याने भागत नाही, ती नीट बसलेली हवी. दोरा ज्या बाजूने सुईच्या नेढ्यात शिरतो त्या बाजूला सुईवर एक लांब खाच असते, आणि बुडाची चपटी बाजू तिच्या विरुद्ध, म्हणजे शटलकडे यायला हवी. सुई वर भिडेपर्यंत ढकलून मगच स्क्रू कसावा. ती एक मिलिमीटर जरी खाली राहिली तरी शटलचे टोक नेढ्याच्या जास्तच वरून जाते, फास हाती लागत नाही आणि टाका सुटतो. सुदामानगरच्या एका वहिनींचे मशीन याच कारणाने दोनदा दुरुस्तीला जाऊन आले होते. तिथे प्रत्येक वेळी सुई नीट बसवली जाई आणि घरी आल्यावर वहिनी नवी सुई घाईत अर्धवट बसवीत. दुरुस्तीचे पैसे दोन्ही वेळा दिले गेले, ते निराळेच.

तिसरी तपासणी : दोरा, मळ आणि तेल

आजीच्या डब्यातले सुती रीळ होजियरीसाठी वापरू नये. दोऱ्याचे टोक दोन्ही हातांत धरून झटका द्यावा; जो सहज तुटतो तो गळ्याशीही तुटणार. पॉलिएस्टरचा दोरा घ्यावा आणि बॉबिनमध्येही, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या छोट्या रिळातही, तोच भरावा, कारण वर एक आणि खाली दुसरा असेल तर दोहोंतला कच्चा आधी तुटतो आणि दोष मात्र टेन्शनवर, म्हणजे दोऱ्याच्या ताणावर, जातो. वरचा दोरा ओवताना फूट, म्हणजे सुईजवळ कापड दाबून धरणारी पट्टी, उचललेला असावा. फूट खाली असताना टेन्शनच्या चकत्या एकमेकींना दाबून असतात, दोरा त्यांच्यामध्ये न शिरता वरवर राहतो, आणि मग कापडाच्या खाली दोऱ्याचे झुंबर तयार होते. खाली गुंता दिसला की बॉबिनकडे बोट दाखवले जाते. वास्तविक तो बहुधा वरच्या दोऱ्याचा दोष असतो.

टी-शर्टच्या कापडातून बारीक कापूस फार झडतो. दोन फ्रॉक शिवले की शटलभोवती आणि कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांच्या खोबणीत राखाडी नमदा बसतो. सुईखालची प्लेट काढून तो ब्रशने काढावा; फुंकर मारू नये, कारण फुंकरीने कापूस आणखी आत जातो आणि तोंडाची वाफ लोखंडाला लागते ती वेगळी. त्यानंतर शटलला मशीनच्या तेलाचा एक थेंब द्यावा, आणि तेल पुसण्यासाठी एका चिंधीवर पाच मिनिटे शिवून मगच फ्रॉक घ्यावा.

येथे खोबरेल तेलाविषयी लिहिणे भाग आहे, कारण दर हिवाळ्यात हा प्रकार निदान एकदा तरी समोर येतो. मशीनचे तेल संपले म्हणून कोणीतरी खोबरेल घातलेले असते. उन्हाळ्यात ते चालल्यासारखे वाटते. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठते, आणि इंदुरातल्या डिसेंबरच्या सकाळी पारा त्याच्या कितीतरी खाली असतो. मग पायटा दगडासारखा जड होतो. शिवाय जुने झाले की ते चिकट होऊन डिंकासारखे बसते, आणि तो थर काढणे हे घरचे काम राहत नाही.

चौथी तपासणी : फुटाचा दाब आणि टेन्शन

आता प्रथमच मशीनच्या मांडणीला हात लावायचा आहे. आधी त्याच टी-शर्टच्या उरलेल्या तुकड्यातून एक वीत लांबीची पट्टी कापून, दुहेरी करून त्यावर शिवून पाहावे. उभ्या दिशेची एक आणि आडव्या दिशेची एक, अशा दोन पट्ट्या घ्याव्यात, कारण होजियरी आडवी जास्त ताणते आणि लहरण्याचा दोष आडव्या पट्टीवर अधिक दिसतो.

फूट कापडाला वरून दाबतो आणि दाते त्याला खालून पुढे नेतात. दाब कमी असेल तर कापड सुईबरोबर वर उचलले जाते आणि टाके सुटतात. दाब जास्त असेल तर खालचा पदर दात्यांबरोबर पुढे जातो, वरचा फुटाखाली अडून ताणला जातो, आणि शिवण लहरते. सुरुवातीला म्हटले ते उलट उपाय हेच. मशीनच्या डोक्यावर, फुटाच्या दांडीच्या बरोबर वर जो स्क्रू असतो, तो एका वेळी अर्धा फेराच फिरवावा आणि दर वेळी नव्या पट्टीवर शिवून पाहावे. सुई बदलल्यावरही टाके सुटत असतील तर कसावा. टाके नीट असून कड लहरत असेल तर सैल करावा. काही नव्या हलक्या मशीनांना हा स्क्रू नसतो.

दोन्ही दोष एकाच वेळी दिसत असतील, आणि होजियरीत तसे पुष्कळदा होते, तर माझा कल दाब थोडा सैल ठेवून कापडाखाली पातळ पांढरा कागद घालण्याकडे असतो. कागद दात्यांवर कापडाला आधार देतो, त्यामुळे कापड ताणलेही जात नाही आणि सुईबरोबर नाचतही नाही. शिवून झाल्यावर तो टाक्यांच्या भोकांवरून अलगद फाडून काढता येतो. सुरुवातीलाच कापड गिळण्यावरही हाच इलाज आहे, शिवाय पहिल्या दोन टाक्यांना दोन्ही दोरे मागे धरून ठेवावेत. वर्तमानपत्र वापरू नये, शाई लागते. संक्रांतीनंतर घरात उरलेला रंगीत पतंगी कागदही नको. ओल्या इस्त्रीने त्याचा रंग कापडावर उतरतो, हे मी एका पांढऱ्या झबल्यावर शिकले आहे.

शिवताना मागून कापड ओढण्याची सवय ब्लाउज शिवणाऱ्या हाताला असतेच. होजियरीवर ती सोडावी लागते. लहरण्याच्या निम्म्या तक्रारी फुटाच्या नसून डाव्या हाताच्या असतात.

टेन्शनचे काम थोडक्यात सांगते. बॉबिन भरलेली डबी दोऱ्याने लोंबकळती धरावी. ती आपोआप घसरत खाली जाता कामा नये, आणि मनगटाला हलका झटका दिला की दोन-तीन सेंटिमीटर उतरून थांबली पाहिजे. मुळीच उतरली नाही तर डबीवरचा बारीक स्क्रू पाव फेरा सैल करावा, त्याहून अधिक नाही. तो स्क्रू निसटून फरशीवर पडला की सहसा सापडत नाही. वरचे टेन्शन ब्लाउजसाठी असते त्याहून थोडे कमी ठेवावे, म्हणजे शिवणीत दोरा जरा जास्त बसतो आणि ताण सोसतो.

पाचवी तपासणी : टाका आणि गळ्याचा हिशेब

टाके सुटत नाहीत, कड लहरत नाही, तरी गळा उसवतो, तेव्हा दोष मशीनमध्ये शोधू नये, हिशेब करावा. तीन वर्षांच्या मुलीच्या डोक्याचा घेर साधारण ४९ ते ५० सेंटिमीटर असतो. तिच्या फ्रॉकचा गळा नीट दिसावा म्हणून आपण तो ३६ सेंटिमीटरच्या आसपास ठेवतो. म्हणजे डोके आत जाताना गळ्याची शिवण १४ सेंटिमीटरने वाढली पाहिजे. दर १० सेंटिमीटरला जवळजवळ ४. मुलांचे डोके अंगाच्या मानाने मोठे असते, म्हणून मोठ्यांच्या टी-शर्टला न येणारी ही अडचण त्यांच्या कपड्यांना येते. नमुन्याच्या पट्टीवर १० सेंटिमीटर शिवण मोजून ती फूटपट्टीवर १४ पर्यंत ओढावी. दोरा तुटला तर गळाही तुटणार, आणि ते बारशात किंवा वाढदिवसाला पाहुण्यांसमोर कळण्यापेक्षा टेबलावर कळलेले बरे.

झिगझॅग करणारे मशीन असेल तर काम सोपे आहे. बाजूच्या शिवणींना रुंदी १ आणि लांबी २.५ मिलिमीटर ठेवावी. टाका दिसायला जवळजवळ सरळच दिसतो, पण ओढल्यावर त्याची नागमोड उलगडते. गळ्याच्या पट्टीला रुंदी २ पर्यंत न्यावी.

आपल्यापैकी अनेकींकडे मात्र सरळ टाक्याचे काळे पायमशीनच असते, आणि त्यावर होजियरी शिवता येत नाही असे सांगितले जाते. येते. टाका २ मिलिमीटरचा, म्हणजे इंचाला बारा-तेरा टाके, इतका बारीक ठेवावा, कारण जितके टाके जास्त तितका शिवणीत दोरा जास्त. बाजूच्या शिवणींना एवढे पुरते. गळ्याला पुरत नाही, आणि तेथे मशीनशी झगडत बसण्यापेक्षा गळ्याची रचनाच बदलावी. एका खांद्याची शिवण सहा-सात सेंटिमीटर उघडी ठेवून दोन चपटी प्रेसबटणे लावली, की शिवणीला ताणावे लागतच नाही. किंवा बाळांच्या झबल्यांना असतो तसा, पुढचा खांदा मागच्यावर चढवलेला पाकीटगळा करावा. तो उघडून डोके सहज जाते. वर्षाच्या आतल्या बाळासाठी मला पाकीटगळाच पसंत आहे, कारण बटण तोंडात जाण्याची भीती राहत नाही. गळ्याला नाडी कोणत्याही वयाला घालू नये.

गळ्याला पट्टी लावायची असेल तर ती कापडाच्या आडव्या दिशेने कापावी आणि गळ्याच्या मापापेक्षा पाचव्या-सहाव्या हिश्शाने आखूड ठेवावी. ३६ च्या गळ्याला साधारण ३० सेंटिमीटर अधिक शिवणीची जागा. बरोबरीच्या लांबीची पट्टी उभी राहते आणि गळा वाडग्यासारखा दिसतो. खांद्याच्या शिवणीचे गणित उलटे आहे : ती ताणली जाता कामा नये, नाहीतर बाह्या कोपरापर्यंत उतरतात. तेथे जुन्या ओढणीच्या किंवा साडीच्या काठाची अर्ध्या सेंटिमीटरची पट्टी शिवणीत धरून शिवावी.

घेराच्या दुमडीची कटकट टाळण्याची युक्ती तर टी-शर्टमध्येच आहे. कारखान्यात घातलेली खालची दुहेरी टाक्याची दुमड ताणणारी आणि सपाट असते, तशी ती घरी होत नाही. फ्रॉकचा कागद त्या दुमडीवर टेकवून कापावा, आणि टी-शर्टच्या बाहीची दुमड फ्रॉकच्या बाहीला वापरावी. फ्रॉक पूर्ण झाला की आतले लोंबते दोरे मुळाशी कापावेत. तान्ह्या बाळाच्या बोटाभोवती सुटा दोरा गुंडाळला गेला तर रक्त अडते आणि बाळ का रडते ते लवकर कळत नाही.

कोठे थांबावे

वरचे सर्व करून झाले, नवी बॉल पॉइंट सुई, नवा दोरा, साफ केलेले शटल, आणि तरीही साध्या सुती कापडावरसुद्धा टाके सुटत असतील, तर थांबावे. प्लेट उघडून हातचाक सावकाश आपल्याकडे फिरवून पाहायला हरकत नाही. सुई तळातून वर निघताच शटलचे टोक नेढ्याच्या जरा वरून गेले पाहिजे. ते खूप आधी, खूप उशिरा किंवा नेढ्याच्या खालून जात असेल तर सुईची दांडी सरकली आहे किंवा शटलची वेळ चुकली आहे. पाहावे, पण सोडवू नये. तो स्क्रू सैल केल्यावर मूळ जागा पुन्हा सापडत नाही, आणि एका दोषाचे दोन होतात.

सुई प्लेटला घासल्याचा आवाज येत असेल, शटलच्या टोकाला नखाने खरवड जाणवत असेल, हातचाक मध्येच अडत असेल, किंवा मोटरच्या मशीनला जळका वास येत असेल, तर त्या दिवशी एकही टाका पुढे शिवू नये. मोटरच्या बाबतीत आधी प्लग काढावा. सुई तुटली असेल तर तिचे सर्व तुकडे जुळवून संपूर्ण सुई झाल्याखेरीज तो फ्रॉक मुलीच्या अंगावर चढवू नये. एक तुकडा कमी असेल तर कापड लोहचुंबकाने तपासावे, आणि तरी सापडला नाही तर फ्रॉक टाकून द्यावा.

मशीन ठीक आहे पण हाती सरळ टाकाच आहे आणि गळा बदलायचा नाही, अशा वेळी मिस्तरीची नव्हे, पिको-फॉल आणि इंटरलॉक करणाऱ्या दुकानाची गरज असते. कापलेले भाग टाचून तेथे न्यावेत. त्यांच्या मशीनचा टाका होजियरीबरोबर ताणतो, आणि फ्रॉकच्या चार शिवणी उभ्याउभ्या होऊन मिळतात. एकच फ्रॉक शिवायचा असेल तर मशीनशी आठवडाभर झुंजण्यापेक्षा मी हेच सुचवीन.

मिस्तरीकडे मशीन नेताना नमुन्याच्या पट्ट्या, लावलेली सुई आणि दोरा बरोबर द्यावा. बहुतेक मिस्तरी त्यांच्या टेबलावरच्या जाड सुती चिंधीची घडी करून त्यावर चालवून दाखवतात, आणि त्या चिंधीवर आपले मशीन दुरुस्तीपूर्वीही व्यवस्थितच चालत होते. पैसे देण्याआधी आपल्या टी-शर्टची दुहेरी पट्टी पुढे करून तिच्यावर एक वीतभर शिवण घालायला सांगावी आणि ती तेथेच ओढून पाहावी.